विश्लेषण : नळ घरात आला, पण भिंतीआडच्या पाइपचं काय? बाथरूम दुरुस्तीचा पैसा नेमका कुठे वाया जातो?

सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी फेब्रुवारीतल्या केंद्रीय अर्थसंकल्पात जल जीवन मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. एका निर्णयामुळे बांधकाम थोडं स्वस्त झालं, दुसऱ्यामुळे घरोघरी नळाची आशा कायम राहिली. साहजिकच अनेक कुटुंबांनी जुनी मोरी तोडून नवं बाथरूम बांधण्याचा विचार सुरू केला आहे.

पण सरकारी योजना नळाच्या तोटीपाशी संपते. तिथून पुढे भिंतीत कोणता पाइप जातो, फरशीखाली काय घातलं जातं आणि सांडपाणी कुठे सोडलं जातं, याकडे पाहणारी यंत्रणाच नाही. घरमालकाचंही लक्ष बहुतेक वेळा टाइल्सच्या रंगावर असतं. परिणामी लाखभर रुपये घातलेल्या बाथरूमची भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात फुगते. असं का होतं, आणि कोणती दुरुस्ती आधी करावी? नाशिक जिल्ह्यातल्या वणीचं उदाहरण घेऊन समजून घेऊ.

वणीसारख्या गावात हा प्रश्न आत्ताच का?

दिंडोरी तालुक्यातलं वणी हे सप्तशृंग गडाच्या वाटेवरचं बाजारपेठेचं मोठं गाव. (यवतमाळ जिल्ह्यातलं वणी वेगळं.) आजूबाजूला द्राक्षबागा आहेत आणि नाशिकहून सापुताऱ्याकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. चैत्रोत्सव आणि नवरात्रात भाविकांची मोठी वर्दळ असते. त्या दिवसांत अनेक घरांत पाहुणे उतरतात आणि घरातल्या एकुलत्या एका बाथरूमवर ताण येतो.

तालुक्यात धरणांची कमी नाही. करंजवण, वाघाड, पुणेगाव, ओझरखेड, तिसगाव आणि पालखेड ही धरणं याच पट्ट्यात आहेत. पण धरण जवळ असणं आणि नळाला चोवीस तास पाणी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यातल्या बहुतेक गावांत नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं. म्हणून प्रत्येक घराला छतावर टाकी, खाली हौद आणि मध्ये मोटर अशी स्वतःची छोटी पाणीपुरवठा योजनाच उभारावी लागते. या घरगुती योजनेचा अभियंता, ठेकेदार आणि देखभाल अधिकारी हे सगळं घरमालकच असतो, आणि बहुतेकांनी हे काम आयुष्यात एकदा किंवा दोनदाच केलेलं असतं.

मोरी आणि बाथरूममध्ये नेमका फरक काय?

जुन्या घरात मोरी असायची. दगडी किंवा शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, भिंतीत एक भोक आणि बाहेर परसातल्या केळीला किंवा अळूला जाणारं पाणी. तिच्यात गळणार असं फारसं काही नव्हतं. पाइप असला तर तो भिंतीवरून उघडा जायचा आणि बिघाड डोळ्यांना दिसायचा. नहाणी हा शब्द तर प्लंबिंगच्या भाषेतही टिकून आहे. फरशीतलं पाणी ज्या जाळीखालच्या भांड्यातून जातं, त्याला देशभरातले प्लंबर आजही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात.

नव्या बाथरूममध्ये सगळं भिंतीच्या आत गेलं. गरम आणि थंड पाण्याच्या दोन लाइन, मिक्सर, शॉवर, गिझर, बेसिन, कमोड आणि कधी वॉशिंग मशीनचा नळही. प्रत्येक जोडणीला एल्बो, टी, कपलिंग लागतं. एका साध्या बाथरूममध्ये असे वीस-पंचवीस सांधे सहज होतात. पाइप मधेच क्वचित फुटतो, गळतो तो सांधा. मोरीतला बिघाड दिसायचा. बाथरूममधला बिघाड पलीकडच्या खोलीच्या भिंतीवर पिवळा डाग उमटल्यावर कळतो, आणि तोवर पाणी कित्येक महिने मुरलेलं असतं.

ओल कुठून येते, हे आधी कसं ओळखायचं?

ओल दिसली की पहिला सल्ला मिळतो तो ‘सगळं तोडून नवीन करा’ असा. पण ओलीचे मुख्य स्रोत तीनच असतात : दाबाखालच्या पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप आणि फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. कोणता स्रोत आहे हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळू शकतं.

पहिली चाचणी टाकीची. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची. सकाळपर्यंत पातळी उतरली, तर पाण्याचा पाइप, एखादा नळ किंवा फ्लश गळतो आहे. मग बाथरूमचा व्हाल्व बंद करून दुसऱ्या रात्री पुन्हा पाहायचं. पातळी तशीच राहिली, तर गळती बाथरूममध्येच आहे.

दुसरी चाचणी फ्लशच्या टाकीची. टाकीत थोडी हळद किंवा खाण्याचा रंग कालवायचा आणि अर्धा तास फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला, तर आतलं रबर झिजलं आहे. ही काही रुपयांच्या वॉशरची दुरुस्ती आहे, नवा कमोड घेण्याची नाही.

तिसरी चाचणी फरशीची. नहाणी ट्रॅपचं तोंड कापड-प्लास्टिकने घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी साठवायचं आणि चोवीस तास ठेवायचं. या काळात खालची किंवा शेजारची ओल वाढली, तर वॉटरप्रूफिंग गेलं आहे. ओल वाढली नाही, पण पाणी सोडून दिल्यावर वाढली, तर दोष सांडपाण्याच्या पाइपात आहे.

एक साधी खूणही लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाथरूम वापरलं नाही तरी ओल कायम राहत असेल, तर बहुधा दाबाचा पाइप गळतो. आंघोळीनंतर वाढून दुपारी कमी होणारी ओल सांडपाण्याची किंवा फरशीची असते. फक्त पावसाळ्यात येणारी ओल मात्र बाथरूमची नसून बाहेरच्या भिंतीची किंवा गच्चीची असू शकते. अशा वेळी बाथरूम तोडणं म्हणजे पोटदुखीवर डोळ्यांचं औषध घेण्यासारखं आहे.

ठिबकणाऱ्या नळाकडे दुर्लक्ष करणंही महाग पडतं. नळाखाली भांडं ठेवून तासाभरात किती पाणी जमतं ते मोजावं. तासाला एक लिटर म्हणजे दिवसाला २४ लिटर. जल जीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. म्हणजे एक ठिबकणारा नळ एका माणसाच्या वाट्याचं ४० टक्क्यांहून जास्त पाणी एकटाच पितो.

डागडुजी पुरेशी केव्हा, आणि तोडफोड केव्हा?

झिजलेला वॉशर, स्पिंडल, अँगल कॉक, फ्लशचा फ्लोट, जाळीत अडकलेला कचरा ही डागडुजीची कामं. टाइल्सच्या फटींतलं भरण निघालं असेल, तर ते खरवडून नवं भरता येतं. एखाद्याच सांध्याची गळती सापडली, तर दोन-चार टाइल्स काढून काम भागतं. म्हणूनच बांधकामाच्या वेळी त्याच टाइल्सचा एक जादा बॉक्स घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

पूर्ण तोडफोड तीन परिस्थितींत टाळता येत नाही. एक, जुनी लोखंडी लाइन आतून गंजली असेल तर. सकाळी पहिलं पाणी तांबूस येणं आणि धार वर्षागणिक बारीक होत जाणं, ही त्याची लक्षणं. अशा लाइनचा एक तुकडा बदलला की गळती पुढच्या सांध्यावर सरकते. दोन, साठवलेल्या पाण्याच्या चाचणीत फरशीच नापास झाली असेल तर. वरून रसायन फासून काही महिने निघतील, वर्षं निघणार नाहीत. तीन, फरशीचा ढाळच चुकलेला असेल तर. दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार जाळीकडे हवा. तो नसेल तर पाणी कोपऱ्यात साचतं, मुरतं आणि घसरण्याचा धोकाही वाढवतं.

तोडफोड ठरलीच, तर क्रम महत्त्वाचा. आधी सांडपाण्याचे पाइप, मग पाण्याच्या लाइन, मग दाबाची चाचणी, मग वॉटरप्रूफिंग आणि कोबा, मग पुन्हा पाणी साठवून चाचणी, आणि सगळ्यात शेवटी टाइल्स. प्रत्यक्षात टाइल्सवाला कारागीर दारात उभा असतो, सण तोंडावर असतो आणि दोन्ही चाचण्या गाळल्या जातात. हाताने चालवायच्या पंपाने लाइन दाबाखाली काही तास ठेवायची, आणि फरशीवर किमान एक दिवस पाणी साठवायचं, एवढंच काम असतं. नव्या बाथरूमचा सगळ्यात स्वस्त विमा तोच.

पाइप निवडतानाही एक चूक नेहमी होते. साधा यूपीव्हीसी पाइप थंड पाण्यासाठी असतो, गिझरच्या लाइनला सीपीव्हीसी लागतो. दोन्हींचे सोल्युशन वेगळे असतात आणि एकाचं दुसऱ्याला चालवलं, तर सांधा कच्चा राहतो. सीपीव्हीसी पाइपवर आयएस १५७७८, दाबाच्या यूपीव्हीसी पाइपवर आयएस ४९८५ आणि सांडपाण्याच्या पाइपवर आयएस १३५९२ हा मानक क्रमांक छापलेला असतो. दुकानातच तो पाहून घ्यावा. भिंत बुजवण्याआधी पाइपांवर मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर पुढे टॉवेलची दांडी लावताना ड्रिल पाइपात घुसत नाही.

सुंदर शॉवरमधून पाणी का येत नाही?

शोरूममध्ये मोठ्या थाळीएवढ्या शॉवरमधून पावसासारखं पाणी पडतं. तोच शॉवर वणीतल्या एकमजली घरात बसवला की पाणी नुसतं ओघळतं. दोष शॉवरचा नसतो, उंचीचा असतो.

पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो. साधारण दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. एकमजली घराच्या स्लॅबवर टाकी ठेवली, तर तिच्या तळापासून शॉवरपर्यंत जेमतेम दीड-दोन मीटरचं अंतर उरतं. म्हणजे दाब ०.१५ ते ०.२ बार. मोठ्या शॉवरच्या किंवा मिक्सरच्या डब्यावर बहुतेकदा किमान अर्धा ते एक बार दाब हवा, असं लिहिलेलं असतं. ते वाचलं जात नाही. अनेक इन्स्टंट आणि गॅस गिझर तर पुरेशा दाबाशिवाय सुरूच होत नाहीत.

यावर खर्चिक उपाय प्रेशर पंपाचा. त्याआधी टाकी स्टँडवर उचलणं, टाकीतून उतरणारी लाइन इंचाची ठेवणं, वळणं कमी करणं आणि कमी दाबावर चालणारी फिटिंग निवडणं, यांनी बराच फरक पडतो. पंप लावायचाच, तर तो घरच्या टाकीनंतर लावावा. ग्रामपंचायतीच्या लाइनला थेट मोटर लावली, तर शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं. इतकंच नाही, तर लाइनमध्ये उलटा दाब तयार होऊन जमिनीतल्या गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत शिरू शकतं. मग आजारी पडायची वेळ सगळ्या गल्लीवर येते.

दुसरा मुद्दा क्षारांचा. नाशिक जिल्ह्याचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकावर आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळून येतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. बादलीवर पांढरे थर चढत असतील, तर तेच थर गिझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या बारीक छिद्रांतही बसतात. अशा घरात जाळीदार महागड्या फिटिंगपेक्षा सहज उघडून साफ करता येणारा साधा नळ अधिक टिकतो. जल जीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासणीचे किट दिले जातात. ग्रामपंचायतीत चौकशी केली, तर पाण्याची तपासणी करून घेता येते.

कमोड बसवला आणि खड्डा का भरला?

स्वच्छ भारत मिशन २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालं. ग्रामीण कुटुंबाला वैयक्तिक शौचालयासाठी १२ हजार रुपये प्रोत्साहन अनुदान मिळालं. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. या योजनेत दोन खड्ड्यांच्या शौचालयावर भर होता. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिल्यातल्या मैल्याचं पुढच्या दीड-दोन वर्षांत खत होऊ द्यायचं, अशी ती रचना.

या रचनेचा हिशोब कमी पाण्यावर बसवलेला आहे. तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्याला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरतं. पाच माणसांच्या घरात दिवसाला दहा वेळा वापर धरला, तर खड्ड्यात २० लिटर पाणी जातं. बाथरूम नवं करताना इथे कमोड आणि दहा लिटरची जुन्या पद्धतीची फ्लश टाकी बसवली, तर तेवढ्याच वापराला १०० लिटर जातं. त्यातच गवंडी सोयीसाठी आंघोळीचं पाणीही त्याच चेंबरला जोडून देतो. मग खड्ड्याभोवतीची जमीन पाणी शोषेनाशी होते, काळ्या मातीत तर लवकरच. खड्डा तुंबतो आणि दोष सरकारी शौचालयाला दिला जातो.

आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी शौचालयाच्या खड्ड्यात सोडायचंच नसतं. त्यासाठी वेगळा शोषखड्डा लागतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घराघरांत असे शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि ती पद्धत पुढे राज्यभर चर्चेत आली. कमोड हवाच असेल, तर तीन आणि सहा लिटरची दुहेरी बटणाची टाकी घ्यावी आणि खड्ड्याची किंवा सेप्टिक टँकची क्षमता आधी पाहावी. घरात गुडघे दुखणारी वडीलधारी माणसं असतील, तर कमोड ही चैन नव्हे, गरज आहे. म्हणूनच त्याचा निर्णय फरशीखालच्या व्यवस्थेसह घ्यायला हवा.

टँक तुंबल्यावर घरमालक ओळखीच्या माणसाला आत उतरवतात. हे जीवघेणं आहे आणि बेकायदाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षासाधनांशिवाय कोणालाही सेप्टिक टँकमध्ये उतरवता येत नाही, आणि ही बंदी खासगी घरमालकालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. टँक उपसणारं वाहन बोलावणं हाच मार्ग आहे. त्यासाठी टँकचं झाकण टाइल्सखाली बुजवू नये, हीदेखील नूतनीकरणाच्या वेळीच पाहायची गोष्ट.

जीएसटी कपातीने खर्च किती कमी झाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागतो. समजा, करापूर्वी गोणीची किंमत ३०० रुपये आहे. आधी ती ३८४ रुपयांना पडायची, आता ३५४ रुपयांना. गोणीमागे ३० रुपये वाचले. एका बाथरूमला दहा-पंधरा गोण्या धरल्या, तर बचत ३०० ते ४५० रुपयांची.

बाथरूमचा खरा खर्च सिमेंटचा नसतोच. टाइल्स, कमोड-बेसिन, नळ, प्लास्टिकचे पाइप आणि वॉटरप्रूफिंगची रसायनं यांच्यावर आधीही १८ टक्के कर होता, आताही तेवढाच आहे. उरलेला मोठा भाग मजुरीचा. घर बांधणाऱ्याला करकपातीचा फायदा जाणवेल, बाथरूम दुरुस्त करणाऱ्याला फारसा नाही. ‘जीएसटी कमी झाला, आत्ताच करून टाका’ हे घाई करण्याचं कारण होऊ शकत नाही.

घाई करावी अशी कारणं वेगळी आहेत. स्लॅबच्या सळईपर्यंत पोहोचलेली ओल, विजेच्या पॉइंटजवळचा पाझर किंवा सतत खाली जाणारी टाकी. ओलीमुळे सळई गंजली की ती फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. मग दुरुस्ती बाथरूमची राहत नाही, घराची होते.

काम बिघडलं तर जबाबदार कोण?

महापालिका क्षेत्रात नळजोडणीसाठी परवानाधारक प्लंबर लागतो. पण घराच्या आतलं काम शहरातही फारसं कोणी तपासत नाही आणि गावात तर तो प्रश्नच येत नाही. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. प्रत्यक्षात बरेच कारागीर दुसऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकलेले असतात. त्यांतले कित्येक उत्तम काम करतात, पण चांगलं काम कोणाचं हे ग्राहकाला कळण्याची सोय नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत गवंडी आहे, प्लंबर नाही. जल जीवन मिशनमधला ‘नल जल मित्र’ कार्यक्रम गावातल्या लोकांना प्लंबिंगसह अनेक कामं शिकवतो, मात्र त्याचा रोख गावच्या योजनेच्या देखभालीवर आहे.

कायद्याचा आधार अगदीच नाही असं नाही. बिल्डरकडून घेतलेल्या घरात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी आदर्श उपविधींचा नियम असा : बाहेरच्या सामाईक पाइपची आणि पावसाची गळती सोसायटीने पाहायची, स्वतःच्या शौचालयातली किंवा सिंकची अंतर्गत गळती त्या सदस्याने स्वखर्चाने.

वणीतली बहुतेक घरं मात्र मालकाने स्वतः, सुटे कारागीर लावून बांधलेली असतात. त्यांना २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उपयोगी पडतो. घरबांधणी ही या कायद्याच्या ‘सेवे’च्या व्याख्येत येते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, म्हणजे इथल्या लोकांनी नाशिकला करायची. पाच लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. अडचण पुराव्याची असते. काम तोंडी ठरतं आणि पैसे रोख दिले जातात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपेक्षा कमी असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नसते, म्हणून छापील बिलही नसतं. अशा वेळी साध्या कागदावर कामाची यादी, साहित्याचा प्रकार, दर, चाचण्या आणि हमीचा काळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आणि पैसे ऑनलाइन दिले, तरी बाजू भक्कम होते. शेवटचा हप्ता फरशीची चाचणी झाल्यावरच द्यायचा, असं आधी ठरवलेलं असलं की वादही कमी होतात. कारागिरालाही हे सोयीचं, कारण मालकाने ऐन वेळी वाढवलेलं काम वेगळं धरता येतं.

कुठे काटकसर करू नये?

गॅस गिझर हा स्वस्त पर्याय म्हणून लोकप्रिय आहे. पण बंद बाथरूममध्ये तो जळताना हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणारा माणूस शुद्ध हरपतो आणि दाराला आतून कडी असते. नाशिकसह राज्यात अनेक ठिकाणी असे मृत्यू झाले आहेत. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याची लाइन आत घ्यावी. नूतनीकरणाच्या वेळी हे बदलायला एक जादा पाइप लागतो, एवढंच.

विजेच्या गिझरसाठी नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. घसरणार नाही अशी फरशी, भिंतीत पक्की बसवलेली आधाराची दांडी आणि बाहेर उघडणारं दार हे वृद्धांसाठी महत्त्वाचं. आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार अडून बसतं.

मग पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत?

आधी निदान, मग जीवाची सुरक्षितता, मग सांडपाणी, मग पाइप, मग वॉटरप्रूफिंग आणि सगळ्यात शेवटी दिसणाऱ्या वस्तू. बजेट कमी पडलं, तर नळ आणि टाइल्स साध्या घ्याव्यात. नळ पाच वर्षांनी तासाभरात बदलता येतो, फरशीखालचा पाइप बदलायला फरशी फोडावी लागते.

सरकारी पातळीवरही एक पोकळी आहे. गावात पाणी आणलं, शौचालयं बांधली, पण या दोन्हींना जोडणारं घरातलं काम कोणत्याच योजनेच्या कक्षेत आलेलं नाही. नळातून जास्त पाणी आलं की सांडपाणीही वाढतं. ग्रामपंचायतीने नळजोडणी देतानाच शोषखड्ड्याची खात्री केली, प्रशिक्षित प्लंबरांची यादी कार्यालयात लावली आणि लाइनला थेट मोटर लावणाऱ्यांवर कारवाई केली, तर मोठ्या निधीशिवायही बरंच साधेल. तोवर भिंत बुजवण्याआधी दाबाची चाचणी आणि टाइल्सआधी फरशीची चाचणी, या दोन गोष्टींचा आग्रह घरमालकानेच धरायचा आहे.